बोलावणारे कोणी नसताना : परदेशी सेवादौऱ्यांची पार्श्वभूमी

स्थानिक यजमान नसताना परदेशी मिशन ट्रिपवर, म्हणजे ख्रिस्ती सेवेसाठीच्या छोट्या दौऱ्यावर, जावे का, हा वाद आजच्या रूपात जेमतेम साठ वर्षांचा आहे. त्याआधीचा मिशनरी वर्षानुवर्षांसाठी, पुष्कळदा परत न येण्याच्या तयारीनेच निघत असे. भाषा शिकण्यातच दोन-तीन वर्षे जात, आणि तोवर कोणी ना कोणी त्याला ओळखू लागे. १९५८ मध्ये अटलांटिकवरून प्रवासी जेट विमाने उडू लागली. त्याच सुमारास तरुणांना सुट्टीपुरते परदेशी सेवेला पाठवणाऱ्या चळवळी उभ्या राहिल्या, आणि मुक्काम वर्षांवरून आठवड्यांवर आला. दोन आठवड्यांत ओळख होत नाही. ती आधीच कोणीतरी करून ठेवावी लागते.

हे 'कोणीतरी' म्हणजे नेमके कोण, यावर सगळा गुंता आहे. 'यजमान' म्हणताना कुणाच्या मनात झोपायला जागा देणारा असतो, कुणाच्या मनात गाडी आणि दुभाषी ठरवून देणारा. कुणी पाठवणाऱ्याच देशातून येऊन तिथे स्थायिक झालेल्या मिशनऱ्याला यजमान म्हणतो. आणि काही जण हा शब्द फक्त तिथल्या मंडळीसाठी, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायासाठी, राखून ठेवतात, जी स्वतः बोलावते आणि काम काय करायचे तेही ठरवते. पाठवणाऱ्याच्या कागदांवर पहिल्या तिघांपैकी कोणाचेही नाव चालून जाते, म्हणून 'आम्हाला यजमान आहे' हे वाक्य खरे असूनही पोकळ असू शकते. माझ्या मते कसोटी एकच : हा माणूस किंवा ही मंडळी 'यंदा येऊ नका' असे म्हणू शकते का, आणि म्हटले तर दौरा खरोखर थांबतो का?

यजमानाशिवाय जाण्याच्या समर्थनार्थ बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय नेहमी पुढे केला जातो. त्यात येशू शिष्यांना पाठवताना सांगतो : थैली नको, झोळी नको, वहाणाही नकोत. पण तोच अध्याय पुढे सांगतो की जे घर स्वीकारेल तिथेच राहा, पुढे वाढले जाईल ते खा, आणि गावाने स्वीकारले नाही तर पायांची धूळ झटकून निघा. रिकाम्या हाताने जाणारा माणूस पूर्णपणे यजमानावर अवलंबून असतो. हॉटेलचे आरक्षण आणि परतीचे तिकीट खिशात ठेवून निघालेला गट या उताऱ्याचा आधार कसा घेतो, हे मला कधीच उमगलेले नाही.

फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाची आधी कोणाशी ओळख असल्याचा उल्लेख बायबलमध्ये नाही. तो वेशीबाहेर नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रियांपाशी जाऊन बसला, आणि जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या एका बाईने आग्रह करून त्याला घरी नेले. म्हणजे यजमान तिथे गेल्यावरही मिळू शकतो, पण आग्रह तिच्याकडून झाला. पुढे 'दिदाखे' या आरंभीच्या मंडळीच्या नियमग्रंथाने पाहुण्याला मर्यादाच घातली : फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडल्यास दुसरा, तिसरा दिवस राहिला किंवा पैसे मागितले तर तो खोटा. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये 'क्सेनोस' हा शब्द परक्यासाठी येतो, आणि रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल आपल्या यजमानासाठीही तोच वापरतो. अर्थात नकार नेहमीच न्याय्य असतो असे नाही. योहानाचे तिसरे पत्र अशा एका पुढाऱ्याची तक्रार करते, जो आलेल्या बंधूंना स्वीकारत नसे आणि स्वीकारणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवत असे.

१७३२ मध्ये जर्मनीतून मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे दोन कारागीर गुलामांमध्ये सेवा करण्यासाठी कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गेले. त्यांना पहिला आसरा मिळाला तो एका मळेवाल्याच्या घरी. ज्यांच्यासाठी ते आले होते, त्यांना कोणाला बोलावण्याचा किंवा परत पाठवण्याचा अधिकारच नव्हता. वसाहतकाळातल्या बहुतेक मिशनकार्यावर ही सावली आहे. १९१० च्या एडिंबरा इथल्या जागतिक मिशनरी परिषदेला सुमारे १,२०० प्रतिनिधी होते, त्यांत आशियातील मंडळ्यांचे वीससुद्धा नव्हते.

नकाराचा अधिकार उघडपणे मागितला गेला तो १९७१ मध्ये. केनियातल्या एका मंडळीप्रमुखाने मिशनरी आणि परदेशी पैसा काही वर्षे थांबवावा अशी मागणी केली, आणि १९७४ मध्ये झांबियातल्या लुसाका इथे भरलेल्या आफ्रिकी मंडळ्यांच्या परिषदेने ती उचलून धरली. पाश्चात्त्य मिशनवर्तुळांत खळबळ माजली. अनेकांना ते कृतघ्नपणाचे वाटले. मला तो ठराव अत्यंत प्रामाणिक वाटतो : आपल्या पायांवर उभे राहायला जागा द्या, एवढेच तो म्हणत होता. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे भरलेल्या जागतिक सुवार्ता-परिषदेने आपल्या करारात मान्य केले की सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, पोहोचलेल्या देशात परदेशी मिशनरी आणि पैसा कमी करणे कधी कधी आवश्यक असते. पण त्याच व्यासपीठावरून आणखी एक विचार जोराने मांडला गेला : असंख्य समाजांत एकही मंडळी नाही, तिथे बाहेरूनच कोणीतरी गेले पाहिजे. जिथे यजमान होता तिथून 'थांबा' असे ऐकू येत होते, आणि जिथे तो नव्हता तिथे जाणे हे शौर्य ठरू लागले. अल्पकालीन गटांनी भाषा या दुसऱ्या विचाराची उचलली. प्रत्यक्षात मात्र अमेरिकेतले बहुसंख्य गट मेक्सिको आणि मध्य अमेरिकेसारख्या, मंडळ्या आधीपासून असलेल्या भागांतच जात राहिले.

१९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये अशा गटांनी घरे बांधली. नंतरच्या एका अभ्यासात आढळले की सुमारे २,००० डॉलरच्या घरामागे गटाचा खर्च ३०,००० डॉलरच्या आसपास जात होता, आणि घर परदेशी हातांनी बांधले की स्थानिक, याने त्या कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक पडला नव्हता. २००३ मध्ये अमेरिकेत अल्पकालीन मिशनसाठी स्वेच्छेने पाळायची मानके तयार झाली. स्थानिक भागीदारी त्यांत आहे, पण ती मोडल्यास शिक्षा काही नाही.

जानेवारी २०१० मध्ये, हैतीच्या भूकंपानंतर काही दिवसांतच, दहा अमेरिकनांना ३३ मुलांना आवश्यक कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेताना अटक झाली. अनेक मुलांचे आईवडील जिवंत होते. या गटाला स्थानिक दुभाषी मिळाला होता. थांबवणारा कोणी नव्हता.

२०१६ पासून रशियात मिशनरी कामासाठी नोंदणीकृत धार्मिक संस्थेचे अधिकारपत्र बाळगावे लागते. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये एक सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण बाहेरच्यांना कायद्याने बंदी असलेल्या, अंदमानमधल्या उत्तर सेंटिनेल बेटावर मच्छीमारांच्या मदतीने पोहोचला. त्याच्या रोजनिशीनुसार, एका मुलाने सोडलेला बाण त्याच्या हातातल्या बायबलमध्ये घुसला. तो नावेकडे परतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किनाऱ्यावर उतरला. त्यातून तो परत आला नाही.