डिजिटल प्रशिक्षण: खर्चाचा हिशेब कसा मांडाल?

(लहान व मध्यम रुग्णालयांसाठी माहितीपत्रक)

‘ऑनलाइन घेतलं की स्वस्त पडतं ना?’ असं डॉक्टर आणि मेट्रन आम्हाला, म्हणजे असे प्रशिक्षणाचे धडे तयार करून देणाऱ्यांना, नेहमी विचारतात. पहिल्या वर्षी बहुधा नाही. फायदा दिसतो तो तेच प्रशिक्षण पुन्हा पुन्हा द्यावं लागतं तेव्हा.

जैववैद्यकीय कचऱ्याचंच घ्या. २०१६च्या नियमांप्रमाणे तो हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावंच लागतं. त्यात सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा सगळे आले. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. धडा दरवर्षी जवळपास तोच, माणसं मात्र बदलत राहतात.

समजा, तुमच्याकडे ३० जण आहेत. (आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे घालून पाहा.) तीन पाळ्या म्हणून तीन वर्ग, प्रत्येकी ६,००० रुपये मानधन. शिवाय कर्मचाऱ्यांचा वेळ, प्रत्येकी दोन तासांप्रमाणे ६० तास, तासाला १२० रुपये. एकूण २५,२०० रुपये, दरवर्षी. डिजिटल धडे तयार करायला ३०,०००. व्हिडिओ आणि सराव मिळून प्रत्येकी दीड तास, म्हणजे ५,४०० रुपये. पहिल्या वर्षी ३५,४००. दुसऱ्या वर्षी सुधारणांचे ५,००० धरूनही १०,४००. दोन वर्षांत वर्गाचे ५०,४०० होतात, डिजिटलचे ४५,८००.

कर्मचाऱ्यांचा वेळ या हिशेबातून कधीही वगळू नका. ‘घरी बघून घ्या’ म्हटलं की कागदावर खर्च शून्य दिसतो, पण नाईट करून आलेल्या सिस्टरच्या झोपेतून तो वसूल होतो. आम्हाला हे मान्य नाही. धडे दहा-दहा मिनिटांचे असतात ते ड्यूटीतच पाहता यावेत म्हणून.

आठ-दहा जणांच्या दवाखान्याला स्वतंत्र धडे करून घेणं परवडत नाही. त्यांनी तयार धडे घ्यावेत किंवा सरळ वर्ग घ्यावा.

आणि हाताचं कौशल्य स्क्रीनवर येत नाही. सीपीआरमध्ये (हृदय बंद पडल्यावरच्या तातडीच्या उपचारात) छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, हे व्हिडिओ सांगेल. तेवढा जोर किती, हे पुतळ्यावर दाबल्याशिवाय कळत नाही. म्हणून आमच्या दरपत्रकात सरावाचा तास धरलेलाच असतो. तो काढून दर कमी करून मागितलात, तर आम्ही नाही म्हणू.

दर विचारताना एवढं कळवा: पाळीनिहाय कर्मचारी किती, वर्षभरात नवे किती येतात, आणि गेल्या वर्षी प्रशिक्षणासाठी ओव्हरटाइम किती दिला.