धर्मगुरूची मराठी : एका चिंतनपरंपरेची पार्श्वभूमी

दिवाळी अंकात किंवा रविवारच्या पुरवणीत एखाद्या कॅथलिक धर्मगुरूचा श्रद्धा, संस्कृती आणि बदलते जीवन यांवरचा लेख दिसला, तर मराठी वाचकाला आज त्याचे नवल वाटत नाही. बायबलमधील वचनाशेजारी तुकोबांचा अभंग येतो, पुढच्याच परिच्छेदात शेतजमिनीवर चढणाऱ्या इमारतींचा विषय निघतो आणि वाचणाऱ्याला त्यात काही जोडून आणल्यासारखे वाटत नाही. ही सहजता मात्र अलीकडची आहे. १९६०च्या दशकापर्यंत हाच धर्मगुरू वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणत असे, आणि मागे बसलेले भाविक, ज्यांना त्यातले फारसे कळत नसे, ते तोवर जपमाळ ओढत असत. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी एका धर्मगुरूने मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहून छापल्या होत्या. म्हणजे आजचे लेखन हा आरंभ म्हणता येत नाही. मधे तुटलेला धागा पुन्हा हाती घेतल्याचा हा प्रकार आहे, आणि तो का तुटला हे पाहिल्याखेरीज आजच्या लेखनातला सूर नीट ऐकू येत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे पुढचे आयुष्य बहुतांशी गोव्यातल्याच साष्टी भागात गेले. तिथली परिस्थिती विसरून त्यांच्या ग्रंथाचे कौतुक करणे बरे नव्हे. साष्टीतील देवळे १५६०च्या दशकात पाडली गेली होती, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अंमल होता आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना जुनी पुराणे ऐकण्याची मनाई होती. ‘क्रिस्तपुराण’ या त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी हीच अडचण बोलून दाखवली जाते: आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी तशी दुसरी तरी द्या, असे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो. १६१६ साली रायतूरला छापलेला ग्रंथ हे त्या मागणीचे उत्तर होते. त्याची सुरुवात ‘वो नमो’ने होते, परमेश्वराला ‘देवा बापा’ अशी हाक आहे आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. पुष्पांत जशी मोगरी, परिमळांत जशी कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी, ही त्यातील स्तुती शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक असते. हे पुराण छापले गेले ते रोमी लिपीत, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. देशी लिपीत छापण्यासाठी वरिष्ठांची मदत मागणारे स्टीफन्स यांचे १६०८ सालचे पत्र उपलब्ध आहे. जोडाक्षरांसह ठसे सहाशेच्या घरात जातात, ही त्यातली अडचण कोणत्याही जुन्या मुद्रकाला पटेल. देवनागरीत हा ग्रंथ यायला १९५६ साल उजाडले.

पुढे जे घडले ते एका दिशेने घडले नाही. मदुराईत रॉबर्टो द नोबिली संन्याशाच्या वेशात राहून तमिळ आणि संस्कृत शिकत होते. जानवे आणि शेंडी ठेवून माणूस ख्रिस्ती राहू शकतो की नाही, हा त्यांचा वाद रोमपर्यंत गेला आणि १६२३ साली पोपने त्यांच्या बाजूने कौल दिला. १६५९ साली धर्मप्रसाराच्या रोममधील खात्याने आशियात जाणाऱ्या धर्मप्रमुखांना लेखी बजावले, की लोकांच्या चालीरीती श्रद्धेला आणि नीतीला उघड बाधक नसतील तर त्या बदलायला लावू नका. फ्रान्स किंवा इटली चीनमध्ये नेऊन बसवण्याइतके हास्यास्पद दुसरे काय आहे? इतका शहाणा मजकूर आजच्या एखाद्या लेखात सहज खपून जाईल. पण पोर्तुगीज सत्तेखाली वारे उलटे होते. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि १७३६ साली इन्क्विझिशनने घरातल्या तुळशीपासून लग्नातल्या गाण्यांपर्यंतच्या चालींवर बंदीची यादी जाहीर केली. १७४४ साली रोमनेही दक्षिणेतील सवलतींना लगाम घातला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे संस्कृती या विषयावर धर्मगुरूने बोलायचे ते सावधपणेच.

मराठी मुलखापुरते पाहायचे तर वसई हे या कथेचे मुख्य ठिकाण आहे. गुजरातच्या सुलतानाकडून १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, पण ख्रिस्ती वस्ती राहिली आणि एतद्देशीय धर्मगुरूंनी ती सांभाळली. या लोकांच्या घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शेतात केळी आणि पानमळे, लग्नात ओव्या, आणि चर्चमध्ये लॅटिन. मुंबईच्या ख्रिस्ती समाजाने मात्र १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून नोकऱ्यांत असलेल्या या समाजाला गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे आहोत हे सरकारला दाखवायचे होते. मुंबईत शिकलेला वर्ग इंग्रजीकडे वळला. वसईत शाळा दीर्घकाळ मराठीच राहिल्या, आणि पुढे मराठीत लिहिणारे धर्मगुरू प्रामुख्याने वसईतून का आले याचे उत्तर माझ्या मते इतके साधे आहे. दरम्यान प्रॉटेस्टंटांची मराठी वेगळ्या वाटेने बहरत होती, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाचा छंद ख्रिस्तभक्तीसाठी वापरला, तेव्हा कॅथलिक वेदीवर मराठीचा एक शब्दही उच्चारला जात नव्हता.

हे चित्र बदलले ते जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. १९६२ ते १९६५ या काळात चार अधिवेशनांत भरलेल्या या परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. २८ ऑक्टोबर १९६५च्या घोषणापत्राने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असे म्हटले, आणि ७ डिसेंबरच्या दस्तऐवजाने आधुनिक जगाची सुखदुःखे ही चर्चचीही आहेत असे मान्य केले. श्रद्धा, संस्कृती, आधुनिक जीवन हे तीन शब्द आज धर्मगुरूंच्या लेखनात एकत्र येतात, त्यांची जुळणी इथली आहे. वेदी पुढे सरकली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि पहिल्याच रविवारी प्रश्न पडला, की आता कोणते शब्द वापरायचे? पोर्तुगीजातून रुळलेला ‘मिस्सा’ राहिला. इतर अनेक ठिकाणी संस्कृत प्रतिशब्द घडवावे लागले, आणि त्यांतले काही अजूनही प्रार्थनापुस्तकाबाहेर पडलेले नाहीत.

१९६९ साली रोमने भारतातील उपासनेसाठी काही अनुकूलने मंजूर केली: पादत्राणे काढून मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार, समई, आरती. कागदावर साध्या वाटणाऱ्या या गोष्टींनी बराच गहजब केला. जुन्या वळणाच्या भाविकांना वाटले की धर्म पातळ होतो आहे. बाहेरच्या काहींना वाटले की हा धर्मांतराचा नवा मुखवटा आहे. दोन्ही बाजूंच्या संशयामध्ये उभे राहून लिहावे लागल्यामुळे या धर्मगुरूंच्या गद्यात एक समजावणीचा सूर आला, जो कधी कधी जरा जास्तच मवाळ होतो. त्याच काळाच्या आगेमागे पुण्यात काही येशूसंघीय संतसाहित्याचा अभ्यास करत होते. फ्रेंच धर्मगुरू गी दलरी यांचा विठ्ठलभक्तीवरील ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजकडून निघाला.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे या बदलानंतर घडलेल्या पिढीचे. त्यांना १९७२ साली गुरुदीक्षा मिळाली, १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि धर्मग्रामाचे पत्रक वाटावे असे हे मासिक मराठी साहित्यव्यवहाराशी जोडले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या बागायतीवर बांधकामांचा दाब वाढला, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात ते पुढे होते. निसर्गावरचे पोप फ्रान्सिस यांचे परिपत्रक यायला अजून पाव शतक होते. ते २०१५ साली आले. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा त्या निवडीला विरोधही झाला. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

वसईतली मुले आता मोठ्या प्रमाणावर इंग्रजी शाळेत जातात आणि तिथल्या चर्चमध्ये मराठी मिस्सेच्या जोडीला इंग्रजी मिस्साही असते. एकाच सकाळी दोन्हीकडे प्रवचन देणाऱ्या धर्मगुरूला मराठीत नुसत्या पहिल्या ओळीवर भागणारा तुकोबांचा अभंग इंग्रजीत अर्थासकट सांगावा लागतो.