बायोप्सीचा तुकडा फ्रीजरमध्ये ठेवू नका

‘बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये पोचेपर्यंत बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर सडेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. देणारा काळजीपोटीच देतो, पण गोठल्याने तुकड्याचं नुकसान होतं.

त्वचेचा तुकडा डॉक्टर सहसा १० टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून देतात. सडणं थांबवण्याचं काम हे द्रावणच करतं, तेही खोलीच्या साध्या तापमानाला. मात्र तुकड्यात पुरतं मुरायला त्याला काही तास लागतात. त्याआधी तुकडा गोठला तर पाण्याचे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जागोजागी पोकळ्या दिसतात. मग निदान अडतं, कधी पुन्हा बायोप्सी करावी लागते. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत टपालाने नमुने पाठवताना फॉर्मॅलिनमध्ये थोडं अल्कोहोल मिसळण्याची पद्धत आहे.

मग ऑपरेशन चालू असताना ‘फ्रोझन सेक्शन’, म्हणजे तुकडा गोठवून लगेच तपासणी, करतात ते? तिथे ताजा तुकडा झटकन गोठवतात, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये तो सावकाश गोठतो.

खात्रीसाठी बाटलीवरचं लेबल वाचा. फॉर्मॅलिन लिहिलंय का? मग बाटली खोलीच्या तापमानालाच ठेवा. काही तपासण्यांसाठी तुकडा सलाइनमध्ये किंवा वेगळ्याच द्रावणात देतात. तो कसा ठेवायचा, हे लॅबला फोन करून विचारा.