वॉरंटी संपली तरी रिकॉल उरतो

गोव्यातल्या धारबांदोड्याच्या माझ्या मावसभावाने साखळीहून सेकंडहँड टिप्पर घेतला. काही महिन्यांनी जुन्या मालकाचा फोन आला, "तुझ्या गाडीच्या गीअरबॉक्सबद्दल कंपनीचं पत्र माझ्याकडे आलंय." भावाने ते आणलं आणि न वाचताच कपाटात टाकलं. वॉरंटी संपलेली, त्यात गाडी दुसऱ्याकडून घेतलेली. कंपनी आता फुकट काय करून देणार, असा त्याचा हिशेब. उसगाव-तिस्कावर उभे राहणारे कितीतरी ट्रकमालक असाच हिशेब करतात. मला या हिशेबाची खरंच काळजी वाटते.

वॉरंटी म्हणजे विकणाऱ्याने दिलेला शब्द. इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी पुरं होईल तोवर. बिघाड झाला की आपण वर्कशॉपात जायचं. क्लचप्लेटसारख्या झिजणाऱ्या वस्तू बहुधा त्यात बसत नाहीत आणि बाहेरच्या गॅरेजात गीअरबॉक्स खोलला असेल तर दावा अडकू शकतो. प्रश्न एवढाच असतो की खर्च कोणाचा.

रिकॉलमध्ये आपली गाडी बिघडलेली असावीच लागत नाही. कारखान्यातून एका ठरावीक काळात निघालेल्या सगळ्या गाड्यांत तोच धोकादायक दोष असू शकतो, असं आढळलं की कंपनी त्या गाड्या बोलावून घेते आणि दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करते. हा हक्क चॅसिस नंबरला चिकटलेला असतो. मालक पहिला की तिसरा, याने फरक पडत नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण पाहण्यासारखं आहे. फोर्डने २०१९ मध्ये २०११ ते २०१३ च्या दहा लाखांहून अधिक एफ-१५० पिकअप ट्रक परत बोलावले. गीअरबॉक्समधल्या वेगाच्या सेन्सरचा सिग्नल तुटला की चालती गाडी अचानक पहिल्या गीअरमध्ये पडत होती. २०२४ मध्ये त्याच प्रकारच्या दोषासाठी २०१४ च्या साडेपाच लाखांवर गाड्या बोलावल्या. इलाज होता कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्याचा. गाड्या तोवर दहा वर्षांच्या झालेल्या!

आता गीअरबॉक्सचा असा एखादा दोष अनमोड घाटात आणा. मोलेकडे उतरताना भरलेला ट्रक ब्रेकइतकाच गीअरवर तोललेला असतो. गीअर निसटून गाडी न्यूट्रल झाली तर इंजिनाची ओढ संपते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ड्रम तापले की ब्रेकही हात टेकतात. अशा दोषाला "वॉरंटीत बसतो का?" हा प्रश्नच गैरलागू आहे.

आपल्याकडे हे बराच काळ कंपन्यांच्या मर्जीवर होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकतं आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. तक्रार सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालकाला स्वतःच नोंदवता येते. माझ्या मते ती नोंदवावीच. कारण एकट्याचा गीअरबॉक्स गेला तर तो वॉरंटीचा विषय राहतो, पण तोच दोष शंभर जणांनी लिहून दिला तर रिकॉलची वाट खुली होते.

सेकंडहँड गाडीची अडचण साधीच आहे. आरसी बुकावर नाव बदललं तरी कंपनीच्या यादीत जुनाच पत्ता राहतो. म्हणून गाडी घेतल्यावर चॅसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपात जायचं, कुठला रिकॉल बाकी आहे का हे विचारायचं आणि आपला फोन नंबर नोंदवून यायचं. काम झालं की जॉब कार्डावर रिकॉलचा उल्लेख करून घ्यायचा; पुढे गाडी विकताना तो कागद लागतो.

भावाने अखेर पत्र बाहेर काढलं. वर्कशॉपात एक दिवस गेला, एक खेप बुडाली, बिल शून्य आलं. परत येताच त्याने तिस्कावरच्या दोघांना फोन लावला. त्यांच्या गाड्याही त्याच वर्षीच्या आहेत.