धरण उशाला, कोरड फुलाला

चतुर्थीच्या तोंडावर सिंधुदुर्गातल्या बाजारांत घाटावरची गुलछडी, शेवंती, झेंडू उतरतो. हौसेने फुलदाणीत लावलेली गुलछडी दुसऱ्या दिवशी मान टाकते आणि बोल लागतो तो दमट हवेला. माझ्या मते हा आरोप चुकीचा आहे. दमट हवेत पाकळ्यांतलं पाणी उलट हळू उडतं. घात होतो तो देठात. फूल गळाभर पाण्यात उभं असतं, आणि तरी तहानेने मरतं.

देठात केसाहून बारीक नळ्या असतात आणि त्यांतलं पाणी ताणून धरल्यासारखं वर चढत असतं. देठ कापला की हा ताण सुटतो, कापलेल्या टोकातून हवा आत शिरते आणि बुडबुडा नळीत अडकतो. त्यात टेम्पोचा रात्रभराचा प्रवास. म्हणून फुलं घरी आली की देठ बादलीत बुडवून, पाण्याखालीच, दोनेक सेंटिमीटर तिरके कापावेत. बोथट कात्रीने नळ्या चेपतात, धारदार सुरी बरी.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना कळतो. दोन दिवसांच्या फुलदाणीतला देठ बाहेर काढून चोळून बघा, बुळबुळीत लागेल. तो जिवाणूंचा थर आहे, आणि तसाच चिकटा नळ्यांच्या तोंडाशीही बसलेला असतो. आपल्याकडच्या उबदार पाण्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि पाण्यात बुडून कुजणारी पानं त्यांना आयतं खाद्य पुरवतात. ती पानं आधीच काढून टाका. रोज पाणी बदला, फुलदाणी घासा, देठाचं टोक पुन्हा थोडं कापा. एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

पाण्यात साखर घालावी का? गुलछडीला जरूर घालावी. तिची फुलं खालून वर उमलत जातात. वरच्या कळ्यांना उमलायला ऊर्जा लागते आणि झाडापासून तुटल्यावर ती मिळण्याची वाट बंद झालेली असते. पण नुसती साखर म्हणजे जिवाणूंची मेजवानी. एक लिटर पाण्याला दोन छोटे चमचे साखर, तेवढाच लिंबाचा रस आणि पाव चमचा कपड्यांचं साधं ब्लीच पुरतं. आंबट पाणी देठात सहज चढतं आणि जिवाणूंना मानवत नाही. मात्र लिंबू आणि ब्लीच थेट एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. लिंबू-साखर पूर्ण लिटरभर पाण्यात विरघळवून मगच ब्लीच टाका. पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी गुलाबाला, जर्बेराला सोसत नाही.

आता माटवीकडे, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगायच्या लाकडी चौकटीकडे, बघा. गणपतीच्या डोक्यावर टांगलेला केळीचा घड दोन-तीन दिवसांत पिकू लागतो आणि इथिलीन हा वायू सोडतो. मे महिन्यात अढीतले आंबे एकमेकांना पिकवतात तेही याच वायूने. फळ पिकवणारं हेच इथिलीन अनेक फुलांना लवकर म्हातारं करतं. १९०१ मध्ये दिमित्री नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं की दिव्यांच्या गॅसमुळे रोपांची वाढ बिघडते ती त्यातल्या इथिलीनमुळे. वनस्पती स्वतःच हा वायू तयार करतात, हे १९३४ मध्ये सिद्ध झालं. धुरातही तो थोडा असतो. कार्नेशन आणि ऑर्किड तर त्याला फारच हळवी. माटवी काही हलवता येत नाही, पण फुलदाणी दुसऱ्या कोपऱ्यात, पिकत्या केळ्यांपासून आणि अगरबत्तीपासून लांब ठेवता येते.

अबोली, मोगरा, सुरंगी यांची गोष्ट वेगळी. वळेसरातल्या, म्हणजे गजऱ्यातल्या फुलाला पाणी प्यायला देठच उरत नाही, तेव्हा आहे ते पाणी राखणं एवढंच हाती. केळीच्या पानात गुंडाळण्याची जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. फ्रिजमध्ये ठेवायचं तर ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्यात गुंडाळून बंद डब्यात ठेवा. थंडीत श्वसन मंदावतं, साठा पुरतो. पाणी शिंपडू मात्र नका. पाकळीवर थेंब साचून राहिला की तिथेच बुरशी धरते, डाग पडतो. आणि डबा फळांच्या कप्प्यात नको. इथिलीन तिथेही असतंच.