घालायला सोपं, काढायला अवघड

सात भागिले दोन किती? पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीला, पायथन २ला, विचारलं तर उत्तर येतं ३. दोन पूर्णांकांच्या भागाकाराचं उत्तर पूर्णांकच द्यायचं, ही सी भाषेकडून आलेली जुनी रीत. पायथन ३ला विचारा, ३.५ मिळेल. शाळेतल्या कुठल्याही मुलाला पटेल अशी ही दुरुस्ती. तिचा प्रस्ताव २००१ साली मांडला गेला, डिसेंबर २००८मध्ये पायथन ३सोबत ती लागू झाली आणि जुनं उत्तर देणाऱ्या पायथन २ची देखभाल थांबली १ जानेवारी २०२० रोजी. म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षं.

इतका वेळ का लागावा? पायथनमध्ये व्हेरिएबलचा, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाचा, प्रकार (पूर्णांक, दशांश, मजकूर) आधी सांगावा लागत नाही. त्यामुळे कोडमध्ये नुसतं ‘अ/ब’ दिसलं, तर तिथे पूर्णांक येणार की दशांश, हे ती ओळ वाचून कळत नाही. ‘प्रिंट’ लिहिण्याची पद्धत बदलली तेव्हा जुना कोड आपोआप नव्या रूपात आणणारं साधन देता आलं. भागाकाराला तसं काही करणं शक्य नव्हतं. शिवाय बदलाचा फटका बसला तरी प्रोग्राम बंद पडत नाही. मुकाट्यानं वेगळा आकडा देतो आणि पुढे चालू लागतो. देखभाल करणाऱ्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती अशा बदलांची. पायथन ३नं केलेली मजकूर आणि कच्चे बाइट्स (संगणकात साठवलेले नुसते आकडे) यांची फारकत तर याहून त्रासाची ठरली. पायथन २मध्ये दोन्ही एकमेकांत मिसळले तरी इंग्रजी अक्षरांपुरतं निभावायचं आणि पहिलं देवनागरी किंवा चिनी अक्षर आलं की प्रोग्राम आडवा व्हायचा. (पायथन ३मध्ये व्हेरिएबलचं नावच देवनागरीत ठेवलं तरी चालतं.)

पायथनसारख्या ओपन सोर्स भाषेचा कोड कुणालाही उतरवून घेता येतो, वापरता येतो. त्यामुळे तो कुठे कुठे चालू आहे, त्यातल्या कुठल्या गुणावर किंवा खोडीवर कोण विसंबून आहे, याचा पत्ता भाषा घडवणाऱ्यांना नसतो.

वेबसाइटमध्ये वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेची अडचण आणखी वेगळी. ब्राउझर नवा झाला की जुन्या-नव्या सगळ्या वेबसाइट त्याच ब्राउझरमध्ये उघडणार; अमुक साइट भाषेच्या कुठल्या आवृत्तीसाठी लिहिली आहे, हे विचारायची सोय नाही. या भाषेचं मानक टीसी३९ नावाची समिती ठरवते. तिच्यासमोर एक अगदी साधा प्रस्ताव होता: यादीच्या पोटात याद्या असतील तर सगळ्यांची मिळून एक सपाट यादी करून द्यायची, आणि या क्रियेचं नाव ‘फ्लॅटन’. मार्च २०१८मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि एक जुनी साइट मोडली.

का मोडली, ते बघण्यासारखं आहे. त्या साइटवर मूटूल्स ही जुनी लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, होती. मूटूल्स याद्यांना स्वतःचं ‘फ्लॅटन’ जोडायची. मग याद्यांना असलेल्या क्रिया एकेक करून चाळायची आणि पानावरच्या घटकांच्या संचालाही त्या देऊन टाकायची. आता चाळताना सगळ्या क्रिया दिसत नाहीत. भाषेच्या अंगभूत क्रियांवर ‘मला यात धरू नका’ असा शिक्का असतो. नव्या ब्राउझरमध्ये ‘फ्लॅटन’ आधीच हजर. मूटूल्सनं त्याच जागी आपलं ‘फ्लॅटन’ लिहिलं, पण शिक्का जुनाच राहिला. चाळणीत ते सापडलं नाही, घटकांच्या संचापर्यंत पोचलं नाही, आणि जिथे जिथे संचावर ‘फ्लॅटन’ बोलावलं जायचं तिथे साइट अडकली. मूटूल्सनं काही नियमबाह्य केलं नव्हतं, आणि समितीनंही.

मूटूल्स आता वापरतंय कोण, मोडू दे, असं म्हणणारे बरेच होते. कुणीतरी गमतीनं ‘स्मूश’ हे नाव सुचवलं, त्यावर आणखी गदारोळ झाला. शेवटी नाव छाटून ‘फ्लॅट’ केलं आणि २०१९च्या मानकात ते आलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्यानं ती साइट बांधली तो कधीच दुसऱ्या कामाला लागला असेल. पण पान उघडणाऱ्याला मूटूल्स, टीसी३९ यांच्याशी काय देणंघेणं?

मग अशा वादात शेवटचा शब्द कुणाचा? पायथनमध्ये बरीच वर्षं तो भाषेचे जनक खिदो फान रोसम यांचा असे. ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ ही त्यांची अर्धी गमतीतली, अर्धी खरी पदवी. बदल सुचवायचा तर रीतसर प्रस्ताव लिहायचा, त्याला ‘पेप’ म्हणतात. पेप ५७२मध्ये := हे चिन्ह होतं; डोळे आणि सुळ्यांसारखं दिसतं म्हणून त्याला वॉलरस (लांब सुळ्यांचा एक समुद्री प्राणी) म्हणू लागले. एखादी किंमत काढायची, तिला नाव द्यायचं आणि त्याच दमात ती तपासायची, एवढंच त्याचं काम. जे आधी दोन ओळींत होत होतं ते एका ओळीत. त्यावरून इतकी कडवट भांडणं झाली की प्रस्ताव मंजूर केल्यानंतर, १२ जुलै २०१८ रोजी, खिदो यांनी पद सोडलं. वारस नेमला नाही; कारभार कसा चालवायचा ते तुम्हीच ठरवा, असं मुख्य डेव्हलपरांना सांगून ते मोकळे झाले. त्या वर्षअखेरीस मतदानानं पाच जणांच्या समितीची पद्धत ठरली. एकाच कंपनीच्या नोकरीतले दोनपेक्षा जास्त सदस्य तिच्यात असू शकत नाहीत. नियम छोटा आहे, पण भाषा कुणा एकाच्या खिशात जाऊ नये याची काळजी त्यात आहे.

बदल करायचाच तर सावधपणे करण्याच्या युक्त्याही आहेत. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेकडे ‘क्रेटर’ नावाचं साधन आहे. नवा कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम) घ्यायचा, जगजाहीर असलेली झाडून सगळी पॅकेजेस (इतरांना वापरायला दिलेले कोडचे गठ्ठे) त्यावर चालवून बघायची आणि आधी चालणारं आता काय मोडलं ते पाहायचं. तरीही जुलै २०२४मध्ये रस्ट १.८० आली तेव्हा ‘टाइम’ या लोकप्रिय पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या नव्या कंपायलरवर चालेनाशा झाल्या. नव्या रस्टनं काही काढून घेतलं नव्हतं. उलट एक सोय वाढवली होती. आधी तिथे बसणारा एकच पर्याय असल्यामुळे कंपायलर किमतीचा प्रकार न सांगताही बिनचूक ओळखायचा. दुसरा पर्याय आला आणि त्याला ठरवता येईना.

गो या आणखी एका प्रोग्रामिंग भाषेनं वेगळा मार्ग काढला. तिथे लूपचं (तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणाऱ्या कोडचं) व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांत मिळून एकच असायचं. प्रत्येक फेरीत एखादं काम ‘नंतर कर’ म्हणून बाजूला ठेवलं, की नंतर सगळ्याच कामांच्या हातात शेवटची किंमत यायची. फेब्रुवारी २०२४च्या गो १.२२मध्ये प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळू लागलं, पण ज्या कोडनं आपली आवृत्ती १.२२ किंवा पुढची असल्याचं लिहून दिलंय त्यालाच. बाकीच्यांना जुनंच वागणं.

आणि पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असतं. गोमध्ये चूक आली का हे तपासणाऱ्या त्याच त्या तीन ओळी पानोपानी लिहाव्या लागतात, ही जुनी तक्रार. २०१९मध्ये त्या ओळी आटोपशीर करणारा ‘ट्राय’चा प्रस्ताव आला आणि विरोध बघून मागे घेतला गेला. पुढेही सूचना येतच राहिल्या, एकमत कशावरच होईना. २०२५मध्ये गोच्या चमूनं जाहीर केलं की यासाठी नवं वाक्यरूप शोधणं आता थांबवतोय.

काढून टाकण्याचं काम सगळ्यात संथ. पायथनसोबत येणाऱ्या, पण कुणी वाली न उरलेल्या १९ मॉड्यूलांना (तयार कोडच्या भागांना) निरोप द्यायचा प्रस्ताव २०१९चा. ती प्रत्यक्षात गेली ऑक्टोबर २०२४च्या ३.१३मध्ये. त्यात वेबच्या सुरुवातीच्या काळातलं, वेब सर्व्हरला प्रोग्राम जोडून देणारं सीजीआयही होतं. ज्यांचं अजून त्यावाचून अडतं, त्यांच्यासाठी ते ‘लेगसी-सीजीआय’ या नावानं वेगळं बसवून घेता येतं.