कॉर्कच्या मुठीवरचे खड्डे

गळाच्या रॉडची कॉर्कची मूठ काही हंगामांत काळवंडते, तिच्यावर बारीक खड्डे पडतात आणि कॉर्क सडू लागला, असा समज होऊन अनेक जण ती खरवडून काढतात किंवा रॉडच अडगळीत टाकतात. येलदरी, माजलगाव किंवा विष्णुपुरीच्या पाण्यावर रोहू-कटल्यासाठी बसणाऱ्यांचे रॉड या अवस्थेला लवकर पोहोचतात, कारण आमिषाचे मळलेले पीठ, पेंड, तेल आणि घाम हे सारे दिवसभर त्याच मुठीला लागत असते. प्रत्यक्षात अशा मुठीतला कॉर्क बहुधा शाबूत असतो आणि फक्त त्यातले भरण निघून गेलेले असते.

कॉर्क म्हणजे पश्चिम भूमध्यसागरी प्रदेशातील एका ओक वृक्षाची साल. जगातील सुमारे निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमध्ये निघतो. झाड साधारण २५ वर्षांचे झाल्यावर साल पहिल्यांदा सोलतात आणि त्यानंतर पुन्हा सोलण्याआधी किमान ९ वर्षे थांबतात. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या, त्या याच सालीच्या. एका घन सेंटिमीटर कॉर्कमध्ये सुमारे ४ कोटी पेशी असतात. प्रत्येक पेशी चहूबाजूंनी बंद आणि आत हवेने भरलेली असते, आणि तिच्या भिंतीतील सुबेरिन हा मेणचट पदार्थ पाण्याला आत येऊ देत नाही. हलकेपणा, ऊब आणि ओल्या हातातही टिकणारी पकड हे मुठीचे सारे गुण या रचनेतून येतात. (आपल्याकडे पांढऱ्या सुगंधी फुलांच्या बुचाच्या झाडाची सालही कॉर्कऐवजी वापरली गेली आहे, पण ती हलक्या प्रतीची ठरते.)

मात्र जिवंत झाडाला सालीतूनही श्वास घ्यावा लागतो. त्यासाठी सालीत आरपार जाणाऱ्या नलिका असतात आणि त्यांत तपकिरी, भुसभुशीत भुकटी भरलेली असते. उत्तम प्रतीच्या कॉर्कमध्ये या नलिका कमी असतात, म्हणून तो महाग पडतो. साधारण प्रतीच्या कॉर्कच्या चकत्यांत कारखान्यातच त्या कॉर्कचा भुसा आणि डिंक यांच्या मिश्रणाने बुजवतात. पाणी, ऊन आणि हाताचे घर्षण यांनी हे भरण हळूहळू निसटते आणि नलिकांची तोंडे उघडी पडतात. तेच आपल्याला दिसणारे खड्डे.

म्हणून पहिले काम स्वच्छतेचे. कोमट पाणी, भांडी घासण्याचा सौम्य साबण आणि मऊ स्पंज एवढे पुरते. तारेची घासणी कॉर्क ओरबाडते. ब्लीच किंवा कॉस्टिक सोडा असलेले क्लीनर तर वापरूच नये, कारण तीव्र अल्कलीने सुबेरिनमधील रासायनिक बंध तुटतात आणि कॉर्कचे मूळ संरक्षणच जाते. धुतलेली मूठ सावलीत पूर्ण वाळू द्यावी.

भरणासाठी नैसर्गिक कॉर्कचे जुने बूच पॉलिश पेपरवर घासून बारीक भुसा काढावा आणि पाण्यात टिकणाऱ्या सुतारी डिंकात तो पुरणाइतका घट्ट कालवावा. इथे बहुतेकांचा हात डिंकाकडे सैल सुटतो. डिंक जास्त झाला की तो भाग वाळून कडक होतो आणि पुढे घासताना भोवतीचा मऊ कॉर्क आधी झिजून तिथे उंचवटे राहतात. डिंकातील पाणी उडून गेल्यावर भरण आक्रसते, म्हणून ते खड्ड्यात दाबून वर किंचित उंच ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांतील आपल्या कोरड्या उन्हात वरचा थर झटकन वाळतो आणि आत ओल राहते. त्यामुळे घरात सावलीत एक रात्र ठेवणे उत्तम. मोठा तुकडाच उडाला असेल, तर ती जागा चौकोनी कापून बुचाचा नेमका बसणारा तुकडा चिकटवावा.

घासण्याआधी मुठीच्या दोन्ही टोकांना रॉडवर मास्किंग टेप गुंडाळावी. कार्बन फायबरच्या काठीवर पडलेला ओरखडा दिसायला क्षुल्लक असला, तरी मोठा मासा ओढताना ताण तिथे एकवटतो आणि काठी तिथूनच मोडू शकते. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरची लांब पट्टी मुठीभोवती घालून दोन्ही हातांनी आलटून पालटून ओढावी आणि रॉड फिरवत राहावा, म्हणजे गोलाई बिघडत नाही. शेवटचा हात ३२० किंवा ४०० नंबरचा. ३२० नंबरच्या कागदावरील कण साधारण ४६ मायक्रॉनचे, म्हणजे कॉर्कच्या पेशीच्या उंचीच्या जवळपासचे असतात. त्यामुळे उंच राहिलेले भरण सपाट झाले की थांबावे, कारण त्यापुढचा प्रत्येक हात चांगल्या पेशींचे थर काढत जातो. स्वस्त रॉडवर कॉर्कचा नुसता पापुद्रा चिकटवलेला असतो, तिथे २२० नंबर लावूच नये.

वर सीलर, म्हणजे पृष्ठभाग बंद करणारा लेप, लावावा की नाही, यावर मतभेद आहेत. घासलेल्या पृष्ठभागावर पेशींच्या उघड्या वाट्या राहतात आणि पकडीला त्यांचा हातभार लागतो. वार्निशचा जाड थर त्या बुजवून मूठ निसरडी करतो. माझ्या मते नवे भरण पुष्कळ असेल, तर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) सीलरचा एकच पातळ हात कापडाने द्यावा आणि भरण थोडे असेल, तर मूठ कोरीच ठेवावी.